चौथीतल्या मुलीला दोन रात्रींच्या शिबिराला पाठवावं का?

एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी चौथीत, नऊ वर्षांची, शाळा जानेवारीत भोरच्या बाजूला दोन रात्री तीन दिवसांचं निसर्ग शिबिर नेतेय, मुलगी आजवर आईशिवाय किंवा आजीशिवाय एक रात्रही झोपलेली नाही, सासूबाई म्हणतात एवढ्या लहान पोरीला रानात पाठवून तिथं शिकायचंय काय, आणि फी पण कमी नाही. पाठवू की नको?

ताई, मी प्राथमिकला शिकवते, २३ वर्षं झाली, आणि त्यातली बरीच वर्षं तिसरी-चौथीच्या पोरांना मुक्कामी घेऊन जातेय. उत्तर आधीच सांगते. पाठवा. पण शाळेला काही गोष्टी नीट विचारून मग पाठवा आणि त्यांची उत्तरं पटली नाहीत तर यंदा सरळ नाही म्हणा, पुढच्या वर्षी बघा, काही बिघडत नाही. कारण चांगलं शिबिर आणि वाईट शिबिर यात एवढा फरक असतो की दोन्हीला एकच शब्द वापरणं मला बरोबर वाटत नाही.

सासूबाईंचा प्रश्न आधी घेते कारण तो खरंच महत्त्वाचा आहे आणि बऱ्याच आईबाबांना तो पडलेला असतो, फक्त बोलून दाखवत नाहीत. शिकायचंय काय? बहुतेक शाळा पत्रकात लिहितात नेतृत्वगुण, संघभावना, आत्मविश्वास वगैरे. हे शब्द वाचून कुणालाच काही कळत नाही. मी तुम्हाला दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते.

सकाळी सहा साडेसहा वाजलेले असतात, जानेवारीत मावळात पहाटे चांगलीच थंडी असते, पोरं कानटोपी घालून कुडकुडत बसलेली आणि आम्ही सांगतो की आपापली वळकटी बांधा, मगच चहा-दूध. सतरंजी, चादर, पांघरूण, उशी. एवढंच. आणि चौथीतल्या निम्म्या पोरांना ते येत नाही. चादर घडी होत नाही, गुंडाळायला लागलं की एका बाजूने शंकूसारखी होते, दोरी बांधली की उशी बाहेर. एका वर्षी माझ्या वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा, स्कॉलरशिपच्या तयारीचा, पंधरा-वीस मिनिटं त्या वळकटीशी झगडत होता आणि शेवटी डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मी जाणार होते मदतीला, तेवढ्यात दुसरा एक मुलगा आला, ज्याला वर्गात वाचताना अडखळायला व्हायचं आणि म्हणून तो कायम मागच्या बाकावर गप्प बसायचा, सुट्टीत गावी आजोबांकडे जाणारा. त्याने काही न बोलता वळकटीवर गुडघा टेकला, म्हणाला तू ओढ मी दाबतो, आणि दोघांनी मिळून दोन मिनिटांत घट्ट बांधली. मग त्याने आणखी सहा-सात जणांच्या बांधून दिल्या. परत आल्यावर त्याचं वाचन लगेच सुधारलं असं मी म्हणणार नाही, तसं होत नाही, पण त्याच्या बाकाकडे पोरं जायला लागली, गटात त्याला घ्यायला लागली, आणि मला स्वतःला कळलं की मी दीड वर्ष या मुलाला फक्त वाचनावरून ओळखत होते. हे मला वर्गात चार भिंतींत कळलं नसतं. म्हणून मी म्हणते की शिबिराचा फायदा जेवढा मुलांना तेवढाच शिक्षकाला, आणि म्हणूनच वर्गशिक्षिका सोबत जाणार आहेत का हा माझा पहिला प्रश्न असतो. नुसतं कॅम्पवाल्या दादांच्या ताब्यात पोरं देऊन शिक्षक एकीकडे खुर्च्या टाकून बसले तर अर्धा फायदा तिथंच गेला.

ताटं धुणं, पाण्याची बाटली स्वतः भरणं, वेणी नाहीतर पोनी स्वतः बांधणं, ओले कपडे वेगळ्या पिशवीत टाकणं, भूक लागली की सांगणं, नाही आवडलं तरी पानात घेतलेलं संपवणं. शिबिरातलं शिकणं बरंचसं हे असतं. घरी शिकवता येत नाही का, येतं, पण घरी सकाळी सातची व्हॅन पकडायची असते आणि आईच्या हाताला ते काम दोन मिनिटांत होतं त्यामुळे आईच करून टाकते, मीही माझ्या मुलाचं तेच केलंय. शिबिरात वेळ असतो आणि शेजारी बसलेली मैत्रीण पण तेच करत असते, हे दोन्ही घरी मिळत नाही.

आता निसर्गाचं. इथं मला थोडं सविस्तर बोलायचंय कारण ‘निसर्ग शिबिर’ म्हणून जे चालतं त्यात निसर्ग बऱ्याचदा नुसता मागच्या पडद्यासारखा असतो. लहान मुलांना मोठा निसर्ग लागत नाही हो. दऱ्याखोऱ्यांचा व्ह्यू मोठ्यांसाठी असतो, नऊ वर्षांचं पोर त्याकडे दहा सेकंद बघतं आणि खाली पायाशी काय आहे ते शोधायला लागतं. आणि तेच बरोबर आहे! एकदा एका देवळाच्या पडवीत, जिथं पाऊस-ऊन लागत नाही आणि माती पिठासारखी भुसभुशीत असते, तिथं पोरांना उलट्या शंकूसारखे छोटे छोटे खड्डे दिसले, रुपयाच्या नाण्याएवढे. मी म्हटलं गवताची काडी घ्या आणि हळूच कडेची माती खाली पाडा. पाडली आणि तळातून कुणीतरी माती वर उडवली, फट्कन. पोरं ओरडलीच. तो मुंगीसिंह, म्हणजे खड्डा करून तळाशी मातीत दबा धरून बसणारा किडा, मुंगी घसरली की तिच्यावर माती उडवून तिला आणखी खाली पाडतो आणि धरतो. पुढचा पाऊण तास अठरा मुलं पोटावर आडवी पडून ते बघत होती, कुणी बोलत नव्हतं, आणि मग एक मुलगी म्हणाली, बाई त्याला रोज मुंगी मिळते का? मग नाही मिळाली तर? मी सांगितलं की तो कितीतरी दिवस उपाशी वाट बघत बसू शकतो, आणि मोठा झाला की त्याला पंख फुटतात आणि साधारण चतुरासारखा दिसतो. ती म्हणाली म्हणजे आत्ता तो लहान आहे? त्या प्रश्नावरून कीटकांच्या वाढीच्या अवस्था अशा काही समजल्या की वर्गात फुलपाखराचं चित्र काढून मला तसं कधी जमलं नव्हतं. त्या पाऊण तासात आमच्या वेळापत्रकातला एक खेळ बुडाला. बुडू दे.

दुसरं म्हणजे अंधार. शहरातल्या पोरांनी खरा अंधार बघितलेलाच नसतो. जानेवारीत रात्री आठच्या सुमाराला मृग नक्षत्र पूर्वेकडे छान वर आलेलं असतं, चार तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटात ओळीने तीन तारे म्हणजे बाण, आणि त्या बाणाच्या रेषेत खाली गेलं की चमचमणारा व्याध, तोच ज्याने बाण मारला. तीच रेषा वर नेली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा झुबका. एवढं नऊ वर्षांच्या मुलाला एका रात्रीत येतं आणि मग ते घरी गच्चीवरून आजीला दाखवतं, कारण मृग आणि व्याध पुण्यातूनसुद्धा दिसतात. एवढंच बघा की शिबिर पौर्णिमेच्या आसपास नसावं, चंद्रप्रकाशात तारे फिके पडतात. आम्ही तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये अमावस्या बघतो, पेरेंट्स मीटिंगमध्ये यावरून एकदा बरीच कुजबुज झाली होती पण कारण सांगितल्यावर सगळे तयार झाले.

आणि तुमची मुलगी चौथीत आहे, स्टेट बोर्ड असेल तर यंदा तिला परिसर अभ्यासाचं दुसरं पुस्तक म्हणजे शिवछत्रपती आहे. भोरच्या बाजूला नेतायत तर रायरेश्वरावर नेणार का ते विचारा. पुस्तकात स्वराज्याच्या प्रतिज्ञेचा धडा आहे, परंपरेने ती याच ठिकाणची मानतात. वर पठार आहे, शंकराचं देऊळ आहे, जंगम कुटुंबं राहतात, सात रंगांची म्हणून ओळखली जाणारी माती आहे. वाटेत लोखंडी शिडी लागते, तिथं एकेक मूल, वर एक मोठं माणूस आणि खाली एक, एवढी शिस्त हवी. तो धडा वर पोचल्यावर घ्यायचा, आधी वर्गात नाही. देवळाच्या पायरीवर बसून घेतलेला धडा पोरं विसरत नाहीत आणि वरच्या घरातल्या आजी पाणी कुठून आणतात, दवाखान्याला कुठं जातात, हे पोरांनी विचारलं तर तो नागरिकशास्त्राचा तास झाला.

हे सगळं काही नवीन नाही. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली होती, मुलं गुरांमागे जातात ना, मग शाळाच कुरणात गेली. स्काउट-गाइडमध्येसुद्धा दहा वर्षांखालच्या पोरांसाठी कब-बुलबुल वेगळे ठेवलेत, मोठ्यांचा कार्यक्रम त्यांच्यावर लादत नाहीत. न्यूझीलंडमध्ये तर प्राथमिक शाळेचा कॅम्प ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. अभ्यासाचं म्हणाल तर २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सहावीतली साधारण पन्नास मुलं पाच दिवस मोबाइल-टीव्हीशिवाय अशा शिबिरात ठेवली आणि नंतर बघितलं तर समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणं त्या मुलांना, शिबिराला न गेलेल्या मुलांच्या मानाने, जास्त जमायला लागलं होतं. छोटा अभ्यास आहे, मुलं आपल्यापेक्षा मोठी होती, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत, पण मला स्वतःला ते पटतं कारण तिसऱ्या दिवशी पोरांची भांडणं बाईंपर्यंत न येता आपसात मिटायला लागलेली मी दरवर्षी बघते.

एक गोष्ट स्पष्ट करते. काही पालक म्हणतात की नवीन शैक्षणिक धोरणात हे सक्तीचं आहे. नाही. २०२० च्या धोरणातले दहा दप्तरमुक्त दिवस सहावी ते आठवीसाठी आहेत. प्राथमिकसाठी असं शिबिर सक्तीचं नाही, त्यामुळे तुमच्यावर कुणी दबाव आणत असेल तर ऐकू नका.

आता वाईट शिबिर कसं असतं ते. काही वर्षांपूर्वी आमच्या तेव्हाच्या मॅनेजमेंटने एका कॅम्प चालवणाऱ्या कंपनीला काम दिलं, नाव घेत नाही. एकाच वेळी तीन शाळांची मिळून दोनशेच्या वर मुलं. झिपलाइन म्हणजे तारेला लटकून घसरत जाणं, बर्मा ब्रिज म्हणजे दोरांचा पूल, दोराने कड्यावरून उतरायचं रॅपलिंग, सगळं होतं. मी घड्याळ लावून बघितलं, एक मुलगी झिपलाइनच्या रांगेत पन्नास मिनिटं उन्हात उभी राहिली आणि झिपलाइनवर होती ती अर्धा मिनिट. रात्री डीजे. जेवणात नूडल्स आणि मंच्युरियन. मुलं घरी गेली आणि म्हणाली मजा आली, पालक खूश, फोटो सुंदर. पण त्या तीन दिवसांत एकाही मुलाने स्वतःचं ताट धुतलं नाही, एकही झाड ओळखलं नाही, आणि वर्गात परत आल्यावर त्या शिबिराचं आम्हाला काहीच करता आलं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं कारण त्यासाठी काही घरांनी खरंच पदरमोड करून पैसे भरले होते. तर कार्यक्रमपत्रिका बघा, आणि ती सकाळी सहा ते रात्री दहा ठासून भरलेली असेल तर ती चांगली नाही. मोकळा वेळ किती ठेवलाय ते बघा. आणि मुलं किती? एका गटात ४०-५० च्या वर गेलं की शिबिर राहत नाही, सहल होते.

सुरक्षेचं मी अजिबात हलकं घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ पोरं बुडून गेली, तरुण पोरं होती ती. त्यामुळे प्राथमिकच्या शिबिरात नदी, धरण, समुद्र, धबधबा, पोहणं काहीच नको, पाय बुडवायलासुद्धा नको, यावर माझी कुणाशी चर्चा होत नाही. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस तरी हवंच, मुली आहेत तर रात्री त्यांच्या खोलीत शिक्षिका झोपणार का, बाहेरच्या स्टाफची पोलीस पडताळणी झालीय का, हे सरळ विचारा, संकोच करू नका, चांगल्या शाळेला हा प्रश्न विचारल्याचा राग येत नाही. दोर-शिड्यांचे साहसी खेळ असतील तर ती संस्था पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेली आहे का ते विचारा, राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात तशी नोंदणी लागते. जवळचं ग्रामीण रुग्णालय किती लांब, तिथं सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का याची चौकशी शाळेने आधी केलीय का, रात्री वाहन जागेवर थांबणार का. १०८ ची ॲम्ब्युलन्स आहे पण घाटात ती यायला वेळ लागतो, म्हणून स्वतःचं वाहन हवंच. आणि गडावर जाणार असतील तर आग्यामोहोळ. लोक सापाला घाबरतात पण गडावर मला जास्त धास्ती मधमाश्यांची असते. परफ्यूम, डिओ, वासाचं तेल लावून पाठवू नका, आणि पोरांना आधीच सांगून ठेवायचं की पोळं दिसलं की ओरडायचं नाही, दगड तर नाहीच नाही.

रडण्याबद्दल. ती रडेल, असं धरून चाला. पहिली रात्र, साडेआठ ते दहाच्या मध्ये, एकजण सुरू होतं आणि चार जणांना लागण होते. मी तेव्हा लगेच आईला फोन लावून देत नाही, कारण आवाज ऐकला की ते रडणं दुप्पट होतं आणि तिकडे आईही रडते. शेजारी बसायचं, पाठीवर हात, कोमट दूध, आणि मुलाला विचारायचं की तुझ्या घरी आत्ता काय चाललं असेल, कोण काय करत असेल. सांगता सांगता झोप लागते बहुतेकांना. ताप असेल, उलट्या असतील किंवा मूल खरंच भेदरलेलं असेल तर अर्थातच फोन करतो, कितीही वाजलेले असोत. तुमच्याकडून एकच हवं, निघताना तिला “करमलं नाही तर बाबा लगेच न्यायला येईल” असं म्हणू नका. प्रेमाने म्हणतो आपण, पण ते वाक्य धरून ते पोर पूर्ण वेळ वाट बघत बसतं. त्याऐवजी म्हणा, रडू आलं तर बाईंना सांग, चालतं रडलेलं. आणि अंथरूण ओलं होण्याची भीती असेल तर तिच्या बाईंना आधी बाजूला घेऊन सांगा. जवळपास प्रत्येक शिबिरात एखाद-दुसरं मूल असतं, आम्ही रात्री अकराला आणि पहाटे उठवतो, जादा कपडे ठेवतो, कुणाला काही कळत नाही. त्यासाठी घरी ठेवायची गरज नाही. घाटात गाडी लागत असेल तर आवळा सुपारी किंवा आलेपाक आणि पुढची सीट.

पैशांचं. जमत नसेल तर कर्ज काढल्यासारखं करून पाठवू नका, शाळेला सांगा. आणि चार-पाच पालक मिळून शाळेला हेही सुचवा की एका शनिवारी शाळेच्याच मैदानात मुक्काम करू. कितीतरी जिल्हा परिषद शाळांमध्ये शिक्षक हे करतात, संध्याकाळी पोरं वळकट्या घेऊन येतात, चुलीवर खिचडी, गच्चीवरून तारे, सकाळी परिसरातली झाडं. खर्च नावापुरता आणि वळकटी, ताट, अंधार, रडणं हे सगळं तिथंही असतंच! ज्या मुलीने आधी एकही रात्र बाहेर काढलेली नाही तिच्यासाठी तर ही पहिली पायरी म्हणून उत्तम.

शेवटचं, सासूबाई. त्यांना समजावत बसू नका, त्यांना काम द्या. शिबिराला अजून तीन आठवडे असतील ना, तर रोज संध्याकाळी आजीने नातीला वळकटी बांधायला शिकवायची, सुतळीची गाठ कशी मारायची, चादरीची घडी आधी लांबीत की रुंदीत. आणि एका शनिवारी तिला मावशीकडे किंवा आत्याकडे एक रात्र एकटीला झोपायला पाठवा. बॅग तिची तिनेच भरायची, तुम्ही फक्त शेजारी बसा. टॉर्चचे सेल नवे घाला.